उमरठचा सर्व्हर

बाबांनी उमरठच्या शाळेतल्या एका खोलीत बसवलेला सर्व्हर डोंगरातल्या वाड्यांवरचा पाऊस मोजतो आणि धोका वाढला की घरोघरी फोन लावतो. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम फार जुनी झाली होती. ती मी महाडला बसून बदलत होते, पण वर पाऊस लागलेला असल्यामुळे सर्व्हर क्षणभरही बंद पडून चालणार नव्हता.

दुपारी काम निम्म्यावर आलं आणि पडद्यावर प्रश्न आला: जुनी फाइल ठेवायची की नवी घ्यायची? सवयीने मी ‘नवी’ म्हणणार होते. माझं बोट टेकण्याआधीच उत्तर उमटलं: जुनी ठेवा.

मी ती फाइल उघडून पाहिली. सगळ्या वाड्यांचे फोन नंबर तिच्यातच होते.

सर्व्हरवर आत्ता कोण काम करतंय, ते मी तपासलं. दोन नावं होती. एक माझं. दुसरं बाबांचं, तिथल्याच कीबोर्डवरून.

शाळेची राखण करणाऱ्या काशीकाकूंना मी फोन लावला.

“खोलीत कोण आहे, काकू?”

“कोन असनार गो? कुलूप हाय, चावी माझ्या कमरेला. बापावर गेलीस, मानसापरीस मशीनीची काळजी जास्त!” बोलत बोलत त्या दारापाशी गेल्या. मग हळूच म्हणाल्या, “आतून टक टक येतंय गो. तुझा बाप मारायचा तसं, एकाच बोटानं. उघडू का?”

पडद्यावर पुढचा प्रश्न आला होता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“नको,” मी म्हणाले. “त्यांचं काम अजून व्हायचंय.”