टच खराब झाला

"ताई, टच खराब झाला."

करुणा नुकतीच कॉलेजातून आली होती. चपलाही अजून काढायच्या होत्या. कुंदन पडवीतल्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. पुढ्यातल्या पाटावर त्याचा छोटा लॅपटॉप, की-बोर्ड मागे दुमडून तंबूसारखा उभा केलेला. पडद्यावर बारावीच्या भूगोलाचा प्रकल्प उघडा होता. 'मोहाडी तालुक्यातील तलाव' या नावाखाली दोन ओळी होत्या. सकाळी ती गेली तेव्हाही दोनच होत्या.

कुंदनच्या अंगातलं बळ थोडं थोडं करून जात होतं. त्याचं चालणं आठवीतच सुटलं होतं, आणि यंदा दिवाळीनंतर साध्या लॅपटॉपची बटणंही त्याला दाबेनाशी झाली. तेव्हा नागपूरच्या मामाने हा पाठवला. याचा पडदा पूर्ण मागे फिरायचा, काचेवरच अक्षरं यायची. जोर लागत नसे, बोट टेकवलं की झालं. हात अजून बरीच वर्षं चालतील, असं डॉक्टर म्हणाले होते. घरातल्यांनी तेवढंच धरून ठेवलं होतं.

"कवापासून झाला?" करुणाने विचारलं.

"सकाळपासून. काहीच घेऊन नाई राहिला. उद्या प्रकल्प सरले द्याचा हाये."

"तू सांग, मी लिहून देते कागदावर."

"नाई. माह्या हातानं लिहीन."

आत वडिलांच्या हातमागाचा खटका थांबला. नंदलाल बाहेर आले. अंगावर सुताचे तुकडे तसेच.

"काय झालं गा?"

कुंदनने पुन्हा तेच सांगितलं. नंदलालांनी दुपट्ट्याला हात पुसला, खाटेच्या कडेला बसले आणि काचेवर बोट ठेवलं. काही झालं नाही. त्यांनी दाबून पाहिलं. तरी काही नाही. उभा जन्म सूत ओढून ओढून त्या बोटाची कातडी चामड्यासारखी झाली होती.

त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अरे! मले बी नाई घेत!" ते उठून आतल्या दारापाशी गेले. "आयकलं काय वं? टचच खराब झाला! पोराच्या हाताले काही नाई झालं!"

मुलांची आई राधाबाई पिठाच्या हातानेच बाहेर आल्या.

"खरं?"

"खरं म्हंजे? मी सोता बोट लावून पाह्यलं."

"मी सकाळपासून पाहून राहिली होती," राधाबाई म्हणाल्या. "मले वाटलं..." चौंडेश्वरीचं देऊळ ज्या बाजूला होतं, तिकडे त्यांनी पिठाचे हात जोडले.

"आत्ताच भंडाऱ्याले नेतो," नंदलाल म्हणाले. "आता बस भेटन." ते सदरा बदलायला आत गेले. त्यांच्या मागोमाग राधाबाई थैली शोधायला.

लॅपटॉप बंद करण्याआधी फाईल तरी नीट ठेवावी, म्हणून करुणाने सवयीने पडद्यावर बोट टेकवलं. फाईल सेव्ह झाली. तिने दचकून हात मागे घेतला. मग दुसऱ्या ओळीच्या शेवटी पुन्हा बोट ठेवलं. 'म' उमटला. तिने तो घाईघाईने पुसला. टच शाबूत होता; बाबांचं राठ बोटच काचेला कळलं नव्हतं.

"बाबा..." ती उठू लागली.

"ताई, बस."

तिने कुंदनकडे पाहिलं. त्याने उशीवरून हात उचलला. मनगट काचेपर्यंत कसंबसं पोचलं, पण बोट आकड्यासारखं वाकलेलंच राहिलं. काचेवर नख वाजलं. त्याने पुन्हा तसंच केलं. पुन्हा नखच.

"सरळच नाई होत," तो म्हणाला.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग टच खराब झाला म्हणून काहून सांगतलं?"

"माय घडीघडी येऊन पाहून जाय. काही तरी सांगा लागत होतं ना."

करुणाने त्याचं बोट हातात घेतलं आणि हळूहळू सरळ करून पाहिलं. धरलं तोवर ते सरळ राहिलं.

नंदलाल लग्नकार्यात घालायचा सदरा घालून आले. "दे बाई, आण."

करुणा जागची हलली नाही. तिने भावाकडे पाहिलं. तो बापाकडे पाहत होता. मग तिने लॅपटॉप मिटला, टॉवेलात गुंडाळला आणि थैलीत ठेवला.

"दुकानवाल्याले काय सांगू गा?" नंदलालांनी पोराला विचारलं.

"सांगजा," कुंदन म्हणाला, "बोट लावलं तं काहीच होत नाई."

नंदलालांनी ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि थैली छातीशी धरून ते बाहेर पडले. आत राधाबाईंनी कढईत तेल ओतलं. आज भजी करते, म्हणाल्या.

"दुकानवाला त्याईले लगेच सांगन," करुणा हळू आवाजात म्हणाली. "मंग काय करशील?"

"मंग मालूमच होईन त्याईले. संध्याकाळी." कुंदनची नजर दारातून गल्लीवर होती. नंदलाल हातमागाच्या घरांसमोरून निघाले होते. एका हाताने धोतर आवरलेलं, कोणी हाक मारली तरी न थांबता.

"ताई, पाह्य ना," तो म्हणाला. "बाबा धावून राहिले."