कुणाच्या कॅमेऱ्याला

"ही मोठी दोन्ही कॅमेऱ्यांना चालेल," म्हणत दुकानवाल्या झुल्फिया-एजेने, म्हणजे झुल्फियाताईने, लेन्स काचेच्या टेबलावर ठेवली. "आणि ही धाकटी फक्त ह्याच्या कॅमेऱ्याला."

पेरिझातने मोठी उचलून पाहिली. हाताला चांगलीच जड लागली. शेजारी तिचा नवरा कुबात ह्या पायावरून त्या पायावर होत होता. सकाळी नारिनहून निघाल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. गाडीत डोळा लागला नाही, वाटेत घेतलेला गरम सामसा अर्धा टाकून दिला, आणि बिश्केकच्या ह्या दुकानात शिरल्यापासून दोनदा फोन कानाला लावून बाहेर जाऊन आला होता.

दोघं मिळून लग्नांचे फोटो काढत. तो जुन्या, लहान सेन्सरच्या क्रॉप कॅमेऱ्यावर. ती गेल्या वर्षी घेतलेल्या, मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेमवर. मागच्या आठवड्यात सोन-कुल तळ्याकाठच्या कुरणावरच्या एका लग्नात यर्टमध्ये, त्या लोकरी गोल तंबूत, इतकी गर्दी झाली, की सगळी माणसं एका फोटोत मावेनात. नवरदेवाची आजी अर्धी कापली गेली. म्हातारीने फोटो डोळ्यांजवळ धरून विचारलं, "मला आत्ताच वजा केलंत होय गं?" तेव्हापासून पेरिझातने वाइड लेन्सचा ध्यास घेतला होता.

"मोठीच घेऊ," ती म्हणाली.

"माझ्या कॅमेऱ्यावर ती कसली वाइड? कडेचं सगळं कापलं जाणार."

"मग यर्टच्या आतले मी काढीन. तू बाहेर घोडे काढ. घोड्यांशी तुझं जमतंही बरं."

झुल्फिया-एजे हसली. कुबात हसला नाही. त्याने धाकटी लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवली, डोळ्याला लावली, आणि त्याचा आवाज एकदम खुलला. "अगं, बघ तरी! हलकी, स्वस्त, आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं येतंय. छत, फरशी... न्हाणीघरसुद्धा एका फोटोत बसेल."

पेरिझातने हातातली लेन्स खाली ठेवली.

"यर्टमध्ये न्हाणीघर कुठून आलं?"

तो कॅमेऱ्यातून बघतच राहिला.

"कुबात, कुणाचं न्हाणीघर?"

"आपलं बोलायचं म्हणून बोललो."

"तू कधी असं बोलत नाहीस."

झुल्फिया-एजेने फडकं उचललं आणि पाठ वळवून कपाटाची स्वच्छ काच पुसायला घेतली.

त्याने कॅमेरा खाली घेतला. "सीमेपलीकडे अल्माटीला फ्लॅट विकतात ना, त्यांना फोटो लागतात. रोज नवं घर. तिथला माझा दोस्त एर्किन, त्याने माझं नाव सुचवलंय. हिवाळ्यात आपल्याकडे लग्नं असतात कुठे? हिवाळ्यापुरतंच गं."

"कधीपासून?"

"एक तारखेपासून."

"एक ऑक्टोबर? म्हणजे ह्या मंगळवारी? ऑक्टोबरात कुठला रे हिवाळा?"

तो लेन्सची कडा अंगठ्याने पुसू लागला.

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"लेन्स घेतली की."

तिला हसू फुटलं. ते आवरेना, म्हणून तिने तोंडावर हात धरला. हात काढला तेव्हा हसू गेलेलं होतं. तिने त्याच्या कॅमेऱ्यावरची धाकटी लेन्स काढली आणि आपल्या कॅमेऱ्यावर चढवली. आत डोकावली. चारही कोपरे काळेकुट्ट, मधे एक गोल, आणि गोलात कुबात, कानांच्या पाळ्या लाल झालेला.

"हे बघ, काय दिसतंय," तिने कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

"ठाऊक आहे. ती तुझ्या कॅमेऱ्याची नाहीच मुळी."

"तेच म्हणतेय मी."

"तूही चल ना. एर्किन खोली बघून देईल. दोघं राहू."

"आणि ऑक्टोबरातली घेतलेली लग्नं? शब्द दिलाय लोकांना."

"सांगू काहीतरी."

"काय सांगायचं? नवरीला म्हणू, बाई, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बस तशीच रिवाजाप्रमाणे पडद्याआड?"

"तुला सगळ्याची चेष्टाच सुचते."

"मग काय सुचावं? सांग की. तू गाडीत तासन् तास शेजारी बसला होतास. सांग."

कुबातने मान वर केली, काही बोलेल असं वाटलं, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने खिशावर हात दाबून धरला, पण काढला नाही. फोन बराच वेळ वाजत राहिला. तिघंही तो थांबायची वाट बघत उभी राहिली.

"एजे," पेरिझात म्हणाली, "मोठी द्या."

"नक्की ना, पोरी?"

"नक्की. यर्टमध्ये आता मला एकटीलाच शिरायचंय." मग ती कुबातकडे न बघता म्हणाली, "तुझी लेन्स तू बघ तिकडे. त्या फ्लॅटवाल्यांकडे असेलच एखादी."

त्याने मान हलवली. झुल्फिया-एजेने खोका काढला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "एकदा माझ्या कॅमेऱ्याला लावू?"

"आता कशाला?"

"असंच. तुझा एक काढतो."

तिने लेन्स त्याच्या हातात दिली. त्याने ती चढवली, नेम धरला. "दोन्ही बाजूंची कपाटं येत नाहीत," म्हणत एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. पाठीनेच दार ढकललं आणि तसाच मागे मागे बाहेरच्या बोळात गेला. तिथे खरेदीला आलेली माणसं त्याला वळसा घालून जाऊ लागली. काचेचं दार आपोआप मिटलं. बाहेर त्याचे ओठ हलले. हलू नकोस, असं म्हणत असावा.

पेरिझात हलली नव्हती. तो आणखी एक पाऊल मागे गेला.