जोडलेली नस

“तुम्ही तेव्हाच अडवायला हवं होतं,” लिफ्टमध्ये चतुराबाई म्हणाल्या. “नसबंदी काय पुरुषानं करून घ्यायची असते?”

चतुराबाई खालच्या मजल्यावर नव्यानेच राहायला आल्या होत्या. सुरेंद्रने नस पुन्हा जोडून घेतली, हे त्यांना सुमनताईंनीच सांगितलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं सुमनताईंना वाटत नव्हतं. शाळेत जीवशास्त्र शिकवताना त्यांनी कुठलंच प्रकरण गाळलं नव्हतं.

“मला विचारलं असतं तरी मी अडवलं नसतं,” त्या म्हणाल्या. “मुलगी झाली तेव्हा दिव्याचं, त्याच्या पहिल्या बायकोचं, हृदय थकलं. पुन्हा दिवस राहणं धोक्याचं होतं. सगळे म्हणाले, तिचंच ऑपरेशन उरकून टाका. सुरेंद्र म्हणाला, तिला परत भूल कशाला, माझं करा. रजा टाकून एकटा जाऊन आला.”

“आणि दिव्या गेलीच शेवटी.”

“गेली. म्हणून त्याचं चुकलं असं होत नाही.”

“तसं नाही हो. पण आता तुमच्या सईला हा ताप.”

लिफ्टचं दार उघडलं आणि सुमनताई बाहेर पडल्या.

खाली सुरेंद्र गाडी काढून थांबला होता. पुढच्या सीटवर सई ओठ घट्ट मिटून बसली होती. नस जोडल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत शुक्रजंतू सापडलेच नव्हते. सुरेंद्र चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघायचा. तो तेव्हा म्हणाला होता, “आई, प्रॉडक्शन चालू आहे हो. गेट उघडायला वेळ लागतोय.” सई हसली, आणि नंतर ओट्यापाशी जाऊन रडली. सुमनताईंनी तिची समजूत काढली नाही. शेजारी उभं राहून तिची अर्धी राहिलेली भेंडी चिरून दिली.

पुढे एकदा दिवस राहिले. पण सोनोग्राफीत ठोका दिसला नाही. आज दुसरी वेळ.

वाकडच्या दवाखान्यात पडद्यामागून सईची हाक आली. “अहो आई, तुम्हीपण या ना आत.”

डॉक्टरांनी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. काळ्या पोकळीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं.

“ठोका छान आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

सईने डोळ्यांवर हात घेतला. सुरेंद्र वाकून सुमनताईंच्या पाया पडला. “आई, तुम्ही नसता तर...”

“असू दे. आधी चष्मा पूस.”

दोघं डॉक्टरांशी बोलत आत थांबली. सुमनताई बाहेर येऊन बसल्या, नेहमीसारख्या ताठ.

“आजी, पेढे पाहिजेत हं,” नर्स म्हणाली. “लेकानं नाव काढलं तुमचं.”

“काढलं खरं. पण मी त्याची आई नाही.”

“मग सईताईंची?”

“तिचीही नाही. मी सलिलची आई. सलिल सईचा पहिला नवरा. तो गेल्यावर मी तिच्यासाठी स्थळं बघत होते. सुरेंद्रच्या नसबंदीची हकिगत कळली, आणि पुढचं एकही स्थळ बघितलं नाही.”