राहण्याचा हक्क

कमलाक्षीच्या सासरी, तंजावुरात, एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. दूधवाला, पोस्टमन, भाडेकरू, सगळ्यांशी तमिळ बोलायचं. मराठी फक्त घरच्यांशी. सासूबाई मांजरावरसुद्धा मराठीतच खेकसायच्या. नवरा, रमण, कमलाक्षीला मारायचा तेव्हा शिव्याही मराठीतच द्यायचा, आणि शेजाऱ्यांना त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

शेवटी नव्या कायद्याखाली कोर्टाचा हुकूम झाला. रमणनं तिच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि तिला घराबाहेर कुणी काढायचं नाही. दोन महिने पापनाशमला माहेरी काढून, तो कागद पिशवीत घेऊन, कमलाक्षी बसनं परत आली.

दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी अडवलं नाही, की मनाला लागेलसा एक शब्द काढला नाही. रमणनं पेपरातून डोकं वर काढलं नाही.

चप्पल काढून कमलाक्षी सवयीनं स्वैपाकघराकडे वळली. "भात मी लावू का?"

सासूबाईंनी पदरानं खुर्ची पुसली आणि तिच्यापुढे सरकवली.

"तुम्ही बसा ना. कॉफी घेणार?" त्यांनी विचारलं.

तमिळमध्ये.