पास झालेला कान

कंपनीच्या तपासणीत फिटरकाकांचे दोन्ही कान पास झाले. पण ते राहू द्या. तसं काही घडलंच नाही, असं समजून पुढे जाऊ.

इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि बिघाड सांगायचा, ही काकांची ख्याती. पण डावा कान वर्षभर वाहत होता, ऐकूही येत नव्हतं. नापास झाले असते तर थेट गोदामात बदली. म्हणून तपासणीला काकूही गेल्या. तपासनीस आवाजाचं बटण दाबायचा, की काचेपलीकडून काकू चष्मा सावरायच्या, की काका हात वर करायचे.

आठवड्याभरात काकांना गरगरायला लागलं. कानाच्या डॉक्टरांनी आत पाहिलं. मग म्हणाले, "पडद्याची कातडी वाढत वाढत आत घुसलीय. ऐकण्याची हाडं खाऊन आता मेंदूकडे निघालीय. परवाच ऑपरेशन."

"तरी मी सांगत होते, दाखवून घ्या!" काकू म्हणाल्या.

"तू चष्मा सावरत होतीस!"

साहेबांनी रजेचा अर्ज परत पाठवला. शेरा होता, 'कान उत्तम असल्याने नामंजूर.' काकांनी उभ्या उभ्या दुसरा अर्ज लिहिला:

"तरी मला मागील तारखेपासून नापास करण्यात यावे, ही नम्र विनंती."