एव्हरेट लायकिन्स

शनिवारी दुपारी टपाल कचेरी बंद असते, म्हणून ती तरुणी ड्रीमाच्या खानावळीत आली. दारातूनच तिने विचारलं, "एव्हरेट लायकिन्स इथे कुठे राहतात?"

गल्ल्याजवळ दोन म्हातारे खाणकामगार बसले होते, पाद्री आणि सासू. पाद्री म्हणजे खाणीतला सगळ्यात शिवराळ माणूस. सासू सहा फुटी, मिशाळ, पण दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. वेस्ट व्हर्जिनियाच्या या खोऱ्यात माणूस एकदा खाणीत उतरला, की आईबापांनी ठेवलेलं नाव वरच राहतं, खाली नवं मिळतं. पगाराच्या पाकिटावर ते असतं म्हणा, पण दुसऱ्याच्या पाकिटात डोकावणार कोण?

सासूने पाद्रीकडे पाहिलं, पाद्रीने ड्रीमाकडे.

"नाही गं बाई," ड्रीमा म्हणाली. "खरंच नाही. पोलीस असतीस तर लपवलं असतं."

"माझे वडील आहेत ते. आई मला घेऊन मिशिगनला गेली तेव्हा मी पाळण्यात होते. आता आईही गेली. जाताना नाव तेवढं सांगितलं, आणि या बाजूच्या खाणीत होते म्हणाली." तिने कोटाची बटणं उगाच लावली, सोडली. "खालची सगळी गावं पालथी घातली. हे शेवटचं. नवऱ्याची पलटण जर्मनीला निघालीय, आज रात्री विमान आहे."

"पोरी, माझा जन्म या खोऱ्यातला," पाद्री म्हणाला. "एव्हरेट नावाचं कुत्रंसुद्धा इथे नाही."

तो खोटं बोलत नव्हता. तिघांनाही मनापासून वाईट वाटलं. ड्रीमाने न विचारता कॉफी ओतली, मक्याची भाकरी आणि लोणी पुढे ठेवलं. पोरीचे डोळे भरून आलेले पाहिले आणि पाद्रीने तोंड उघडलं. बाईमाणसाचं रडणं त्याला सोसत नसे. आपल्याला पाद्री का म्हणतात ते त्याने शिव्या गाळून सांगितलं, त्यामुळे सांगण्यासारखं फार उरलं नाही. मग सासूचं झालं. मग तो ताक्यावर, त्यांच्या जुन्या सोबत्यावर आला.

"ताक्या पहिल्या दिवशी खाली उतरला, तो डब्यात ताकाची बरणी घेऊन. त्यात भाकरी कुस्करलेली. नवीनच लग्न झालेलं, बायकोने लाडाने भरून दिलेली. सकाळभर डब्यात हिंदकळून फसफसलेली. जेवायच्या सुट्टीत याने झाकण फिरवलं, आणि फसकन सगळं ताक याच्या तोंडावर. आम्ही सगळे कोळशाने काळे, आणि मध्ये हा एक पांढराफटक चेहरा. मुकादमाने देवाचं नाव घेतलं गं, भूत समजून! आणि हा शहाणा म्हणतो काय? म्हणतो, हलू नका कुणी, माझी भाकरी शोधतोय."

ती हसली. हसता हसता कागदी रुमालाने डोळे पुसू लागली. "बिचारी बायको," ती म्हणाली, "घरी गेल्यावर काय म्हणाली असेल?"

"ते काही त्याने कधी सांगितलं नाही."

कॉफी संपवून ती उठली, तिघांचे हात हातात घेतले आणि गाडीत बसून निघून गेली.

नंतर केव्हातरी ताक्या आला. ऑक्सिजनचा सिलिंडर मागून ओढत, दोनदा थांबत. खाणीने त्याची फुफ्फुसं ठेवून घेतली होती, बाकीचा माणूस परत दिला होता.

"उशीर केलास," सासू म्हणाला. "मिशिगन येऊन गेली. चांगली पोर होती. बापाला शोधत होती बिचारी."

"कोण बाप?"

"कुणी एव्हरेट लायकिन्स. तू ऐकलंयस कधी?"

ताक्याने खुर्ची ओढली, पण तो बसला नाही.

"कधी गेली?"

"झाला तासभर. आज रात्री जर्मनीला जायचंय तिला."

"नाव काय तिचं?"

सासूने ड्रीमाकडे पाहिलं. तिचं नाव कुणीच विचारलं नव्हतं. गाडीच्या नंबरपाटीवरचं राज्याचं नाव पाहून त्यांनी तिला मिशिगन करून टाकलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांचं भागलं होतं.

पाद्रीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. खाणीचं छत कोसळलं तेव्हा याच ताक्याने त्याला नुसत्या हातांनी उकरून बाहेर काढलं होतं. ताक्या हे नावही पाद्रीनेच ठेवलेलं.

"ताक्या," तो म्हणाला, "तुझं नाव काय रे?"

ताक्याने दाराबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. ड्रीमाने फोन उचलला, आणि कुणाला करायचा ते न कळून तसाच हातात धरून उभी राहिली. कुठल्या विमानतळावर? कुणाला बोलवा म्हणून सांगायचं? तिने फोन खाली ठेवला.

"आम्हाला काय ठाऊक, ताक्या," सासू म्हणाला. "जाताना हसत गेली रे. याने तुझी ताकाची गोष्ट सांगितली तिला."

ताक्याने मान वर केली. "हसली?"

"खूप."

तो खाली बसला. नळीतून श्वास आत येईपर्यंत थांबला.

"सांग," तो पाद्रीला म्हणाला. "तिला सांगितलीस तशीच सांग. कुठे हसली तेही सांग."

पाद्रीने टेबलाची कड धरली. पहिला दिवस झाला, बरणी झाली, मुकादम झाला. एकही शिवी न घालता तो हळूहळू सांगत होता आणि ताक्या त्याच्या तोंडाकडे बघत होता. भाकरीपाशी येऊन पाद्री थांबला.

"इथे," तो म्हणाला. "इथे हसली."