एक तोंड मिटलेलं

“आता बघ. नीट बघ. हलतात का ओठ!”

आईनं जावेचा दंड धरला आणि टीव्हीकडे बोट केलं. मैदानावर रग्बीचे गडी खांद्याला खांदा लावून उभे होते. त्या परक्या देशाचं राष्ट्रगीत लागलं होतं. कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावरून सरकत गेला. सगळी तोंडं उघडी. एकच मिटलेलं. तिच्या लेकाचं.

“अगं, ज्यांचं खातो त्यांचं गाणं म्हटलं तर जीभ झिजते का त्याची?” जाऊ म्हणाली.

“झिजते. माझ्या दुधावर वाढलेली जीभ आहे ती.”

“आणि शेजारच्याच्या तोंडाकडे काय टकामका बघतोय?”

“कीव करतोय. कसे घसे फाडतायत मेले!”

लेक देश सोडून गेला तेव्हा इथे त्या खेळाला काळं कुत्रं विचारत नव्हतं. लांबुळका चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्याच्या अंगात घुसायचं. लोक म्हणायचे, हा खेळ आहे की भाऊबंदकी? तिकडे तो दिवसा गोदामात खोकी उचलायचा, संध्याकाळी क्लबात खेळायचा. हळूहळू तो तिथलाच झाला आणि एक दिवस त्या देशाची जर्सी अंगावर आली. पहिल्या सामन्यात छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, त्यानं त्यांचं गीत शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं.

आईनं टीव्ही बंद केला. फोनवर म्हणाली, “त्यांचा सदरा घाल, पोटाचा प्रश्न आहे. पण परक्या दारात एवढा गळा काढतोस? त्यापेक्षा तोंड शिवून घे.”

“बरं, आई,” म्हणून तो हसला. आई पुढे कितीतरी महिने फोनवर आली नाही.

आणि मग एका सामन्यात त्याचे ओठ मिटलेले दिसले. आई पायात चपला न घालता घराबाहेर पडली. दारोदार सांगत सुटली, “माझा शब्द लागला गं त्याला! खाण तशी माती.” तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला कृतघ्न म्हटलं. आई म्हणाली, भुंकू देत. त्यानंतरचे कितीतरी सामने तिनं नुसते त्या मिटल्या ओठांसाठी पाहिले. खेळ तिला कधी कळलाच नाही. लेक पडला की ती तोंड फिरवायची, उठला की परत बघायची.

तो परत आला तो कायमचाच, बायकोला घेऊन. केस अजून काळे होते. “खेळ सोडला. बाकीचं सावकाश सांगते,” सून म्हणाली. पण आईला सावकाश ऐकायला सवड कुठली? मिरवायचं होतं तिला. पहिल्याच सकाळी लेक न्हाणीघर शोधत शोधत कपाट उघडून उभा राहिला. “साहेब झालास! बापाचं घर सापडेना होय?” आई म्हणाली. सून हसली नाही.

शाळेच्या मैदानावर त्याचा सत्कार झाला. आई पुढच्या रांगेत, लेकाला खेटून. जाऊ मागे. शेवटी आपलं राष्ट्रगीत सुरू झालं, तशी आईनं मान ताठ केली. आता ऐका म्हणावं. इतकी वर्षं राखून ठेवलेला आवाज आहे.

आवाज आला नाही.

“काय गं, इथंही कीव?” जाऊ मागून कुजबुजली.

आईनं वळून पाहिलं. लेक तिच्या तोंडाकडे बघत होता. टकामका. टीव्हीत दिसायचा तस्साच. तिचे ओठ हलले की त्याचे जरासे हलत, आणि अडकत.

“म्हण की रे,” ती हळूच म्हणाली.

“चाल येते, आई. शब्द कुठे जातात कळत नाही.”

घरी आल्यावर सुनेनं दार लोटून घेतलं. डोक्याला बसलेले मार, ती म्हणाली. कुठला एक नाही, सगळे मिळून. आता असंच एकेक जात राहणार. शब्द, वाटा, मग माणसं. बाहेरच्या खोलीत तो बुटाची नाडी हातात धरून बसला होता. पुढे काय करायचं ते आठवेपर्यंत.

“मला फार उशिरा कळलं हो,” सून म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, सुरुवातीलाच मैदानाबाहेर काढला असता तर इतकं झालं नसतं. सुरुवात कधी झाली, विचारतात. मी काय सांगू? तुम्ही तर त्याचा एकही सामना सोडला नाहीत. तुम्हाला कधी काही वेगळं दिसलं होतं का?”

जन्मात पहिल्यांदा आईला शब्द शोधावे लागले.

“दिसलं होतं,” ती म्हणाली. “गल्लीभर सांगून आले होते मी.”